जपानमध्ये ऐनवेळी उंची रेस्टॉरंटमध्ये जागा कशी मिळवावी

जपानला जायचं ठरलं की विमान, हॉटेलं, शिन्कान्सेनची तिकिटं सगळं कितीतरी आधी होतं. जेवणाचं मात्र ‘तिथे पोचल्यावर बघू’ म्हणून राहून जातं. रामेन, उदोन या नूडल्सच्या दुकानांना आणि इझाकाया म्हणजे साध्या दारू-जेवणाच्या ठिकाणांना ते चालतं. रांगेत उभं राहिलं की नंबर लागतो. आठ खुर्च्यांच्या सुशी काउंटरला किंवा क्योटोतल्या कायसेकीच्या (ऋतूनुसार एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांचं पारंपरिक जेवण) घराला ते चालत नाही. तिथे आज विचारून आजच जेवायला बसणं अवघड आहे, पण अशक्य नाही. फक्त शोध उलट्या बाजूने सुरू करावा लागतो. आधी नाव धरून मग तारीख मागितली, तर बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं. आधी रिकामी खुर्ची शोधली आणि ती कुणाच्या दुकानातली आहे ते नंतर पाहिलं, तर उत्तम जेवण पदरात पडतं. टोकियोत मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तारे मिळालेली रेस्टॉरंट जगातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहेत, आणि तारे नसलेली पण तितकीच मन लावून चालवलेली दुकानं तर किती तरी.

खुर्ची इतकी दुर्मीळ का

एवढं समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. चांगल्या सुशीच्या दुकानात टोकियोतल्या तोयोसूच्या घाऊक मासळीबाजारातून मासळी येते ती त्या दिवशीची माणसं मोजून. भात बैठकीच्या वेळेला धरून लावतात, कारण व्हिनेगर कालवलेल्या त्या भाताची खरी गोडी तो अंगाइतका कोमट असतो तेव्हाच. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचं जेवण एकदम सुरू होतं. आपल्याकडच्या पंगतीसारखंच ते: एक पान रिकामं असलं की वाढणाऱ्याचा हात अडतो. इथे फरक एवढा की त्या पानासाठी आणलेला मासा दुसऱ्या दिवशी वाढता येत नाही. न कळवता गैरहजर राहणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे जपानमधल्या रेस्टॉरंटचं वर्षाला सुमारे २०० अब्ज येनचं नुकसान होतं, असा अंदाज २०१८ मध्ये तिथल्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाच्या अहवालात आला होता. आधी कार्डाचा नंबर मागणं, रद्द केल्यास पूर्ण पैसे कापणं, अनोळखी परदेशी फोनला कचरणं हे सगळं त्यातून आलेलं आहे.

दुसरं कारण नेहमीच्या गिऱ्हाइकांचं. ते बिल देतानाच पुढची तारीख ठरवून जातात, त्यामुळे काही दुकानांच्या खुर्च्या कधी बाजारात येतच नाहीत. टोकियोच्या गिंझा भागातलं ‘सुकियाबाशी जिरो’ हे नामवंत सुशीचं दुकान २०१९ च्या शेवटी मिशेलिनच्या यादीतून बाहेर पडलं, ते सर्वसामान्यांकडून आरक्षण घेत नाही म्हणून. जेवणाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. क्योटोत तर ओळखीशिवाय आलेल्या नव्या माणसाला न घेण्याची जुनी रीतच आहे. अशा दुकानांवर सहलीतले दिवस घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

घरून निघण्याआधीची तयारी

ऐनवेळी धावपळ करायची असेल तर निदान हत्यारं तरी आधी परजलेली हवीत. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन क्रेडिट कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा. हे राहून गेलं की खुर्ची समोर दिसत असते आणि पैसे भरले जात नाहीत. तितकंच महत्त्वाचं म्हणजे ओटीपी. जपानमध्ये डेटासाठी ई-सिम घ्या, पण भारतातलं सिम फोनमध्ये चालू राहू द्या आणि रोमिंगवर एसएमएस येतो का हे निघण्याआधी कंपनीला विचारून घ्या.

मग खाती उघडा. टेबलचेक, ओमाकासे, पॉकेट कन्सिअर्ज आणि ताबेलॉग या आरक्षणाच्या चार साइटवर नाव, ईमेल आणि कार्ड नोंदवलेलं असावं. पूर्ण जपानी असलेल्या फॉर्मांत नाव काताकाना लिपीत लागतं. ते एकदा करून घेऊन फोनच्या नोंदवहीत ठेवलं की चिकटवता येतं. आपली आडनावं जपानी कानाला लांबलचक वाटतात, म्हणून फोनवर सांगायला एक सुटसुटीत नाव ठरवा आणि सगळीकडे तेच द्या. जपानी फोन नंबर मागितला तर हॉटेलचा नंबर द्यावा, पण आधी स्वागतकक्षाला सांगून, म्हणजे रेस्टॉरंटचा फोन आला की निरोप तुमच्यापर्यंत पोचतो.

वेळेचं गणितही डोक्यात बसवा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले दुपारचे १२ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. आरक्षण उघडण्याची वेळ आणि रद्द करण्याची मुदत, दोन्ही तिथल्या घड्याळाने चालतात.

तारखेवरून शोधा, नावावरून नको

चारही साइटचा स्वभाव वेगळा आहे. टेबलचेकवर हॉटेलांतली आणि मोठी रेस्टॉरंट भरपूर, इंग्रजी व्यवस्थित, आणि त्याच दिवसाची जागाही मिळते. माझी सुरुवात नेहमी तिथून होते. ओमाकासे ही सुशी आणि कायसेकीच्या अवघड दुकानांची साइट आहे. दर खुर्चीमागे थोडं शुल्क घेतात, पण कुणी रद्द केलं की ती जागा तिथेच दिसू लागते. पॉकेट कन्सिअर्ज अमेरिकन एक्स्प्रेसच्या मालकीची. तिथे बहुधा ठरलेल्या कोर्सचे पैसे आधीच भरायचे. ताबेलॉग हे जपानी लोकांचं स्वतःचं परीक्षणाचं ठिकाण, आणि त्याची इंग्रजी आवृत्तीही आहे.

ताबेलॉगचे गुण वाचताना आपल्या सवयी बाजूला ठेवा. तिथले लोक हात राखून गुण देतात. ३.५ च्या वर असेल तर दुकान नक्की चांगलं, आणि ४ च्या वर गेलेली फार थोडी. आपल्याकडच्या ॲपवर ३.६ पाहून आपण पुढे सरकतो, तिथे ३.६ दिसलं तर थांबा. त्यांची प्रकारवार ‘ह्याकुमेइतेन’ यादीही कामाची आहे: तेंपुरा (पातळ पिठात बुडवून तळलेले पदार्थ), उनागी (ईल मासा), सोबा (बकव्हीटच्या नूडल्स), तोनकात्सू (डुकराच्या मांसाचं तळलेलं कटलेट) अशा प्रत्येक प्रकारातली निवडक दुकानं तिथे मिळतात.

साइट उघडली की तारीख, माणसं आणि शहर एवढंच भरा. जी नावं येतील त्यांतून भाग पाहा, किंमत पाहा, मग परीक्षणं वाचा. आणि गिंझापुरतं अडकून राहू नका. निहोनबाशी, कागुराझाका, योत्सुया, मेगुरो इथे उत्तम छोटी दुकानं आहेत आणि परदेशी पाहुण्यांची झुंबड तुलनेने कमी.

माणसांच्या संख्येवर खूप काही ठरतं. एकट्याला जागा मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण आठ खुर्च्यांत दोन जोड्या आणि तिघांचा एक गट बसला की एक उरते. दोघांना जमतं. चौघांना काउंटरवर ऐनवेळी बसवणं फार कठीण; दोन-दोन करून दोन वेळांना जाण्याची तयारी ठेवा. लहान मुलं असतील तर काउंटरचा नाद सोडा, कारण बरीच दुकानं मुलांना घेत नाहीत. त्याऐवजी खासगी खोली असलेलं कायसेकी किंवा हॉटेलातलं रेस्टॉरंट बघा. घरातली वडीलधारी मंडळी सोबत असतील तर खुर्ची-टेबल आहे का तेही विचारा. तातामीवर म्हणजे जमिनीवरच्या चटईवर तास-दीड तास मांडी घालून बसणं गुडघ्यांना झेपत नाही. ‘होरिगोतात्सू’ म्हणजे टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असलेली बैठक असेल तर निभावतं.

जागा सुटते कधी

रद्द करण्याचा दंड जिथून वाढतो, त्याच्या आदल्या तासांत जागा सुटतात. अनेक दुकानांत तीन-चार दिवस आधीपर्यंत दंड नसतो, मग वाढत जातो, आणि त्या दिवशी रद्द केलं तर पूर्ण रक्कम जाते. म्हणून तुमच्या तारखेच्या साधारण चार दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ साइट बघा. रद्द करण्याची मुदत त्या दुकानाच्या पानावर लिहिलेली असते, तिच्या आसपास जास्त वेळा. प्रतीक्षा यादीची किंवा सूचनेची सोय असेल तर नाव घाला, पण नुसत्या सूचनेवर विसंबू नका. ती सूचना तुमच्यासारख्या अनेकांना एकाच क्षणी जाते.

दुपारचं जेवण हा ऐनवेळच्या माणसाचा सर्वांत मोठा आधार आहे. ज्या गिंझातल्या दुकानात रात्री माणशी ३० ते ५० हजार येन लागतात, तिथेच दुपारी थोडक्या कोर्ससाठी बरेच कमी लागतात आणि जागाही लवकर मिळते. हात तोच, मासा त्याच बाजारातला. सोमवार ते गुरुवारची दुपार बघा. रात्रीच जायचं असेल तर साडेआठची दुसरी बैठक मागा. स्थानिक लोकांना घरची शेवटची गाडी गाठायची असते, म्हणून ती बैठक उशिरा भरते.

वारही पाहून ठेवा. तोयोसूचा बाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, त्यामुळे पुष्कळ सुशीची दुकानं त्या दिवशी उघडत नाहीत. वर्षअखेर ते जानेवारीचे पहिले दिवस, एप्रिलअखेरचा गोल्डन वीक हा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण या काळात चांगली छोटी दुकानं बंद किंवा भरलेली. क्योटोत साकुराचा म्हणजे चेरीचा बहर आणि नोव्हेंबरअखेरची लाल पानं या दोन हंगामांत ऐनवेळी काही मिळेल अशी आशा ठेवू नका. तेव्हा ओसाकात राहून तिथे जेवा. सहलीचा मार्ग बदलता येत असेल तर कानाझावा आणि फुकुओका डोळ्यांपुढे ठेवा. दोन्ही ठिकाणी समुद्र जवळ, सुशी अप्रतिम, आणि टोकियोपेक्षा किंमत सौम्य. टोकियोहून कानाझावाला शिन्कान्सेनने अडीच-तीन तास लागतात.

माणसामार्फत: हॉटेल, ओळख, फोन

चांगल्या हॉटेलात उतरला असाल तर कन्सिअर्जला, म्हणजे पाहुण्यांची आरक्षणं वगैरे करून देणाऱ्या माणसाला, विचारा. कोटाच्या कॉलरवर सोनेरी किल्ल्यांची जोडी दिसली की तो माणूस या कामातला जाणता आहे. त्याला ‘आज रात्री अमुकच दुकान हवं’ असं सांगू नका. ‘सुशी किंवा तेंपुरा, दोघं, माणशी २० हजार येनपर्यंत, साडेपाच किंवा साडेआठ, कुठलाही भाग चालेल’ असं सांगा. मोकळी जागा असलेली दुकानं त्याच्या ओळखीची असतात. बिझनेस हॉटेलात अशी व्यवस्था नसते, पण काउंटरवर गर्दी नसताना एक फोन लावून द्याल का असं नम्रपणे विचारलं तर पुष्कळदा लावून देतात.

आपल्या लोकांसाठी आणखी एक वाट आहे. टोकियोच्या निशि-कासाइ भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तिथे मराठी कुटुंबंही पुष्कळ. शिवाय पुण्यात जपानी शिकलेली माणसं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत निघतातच. अशा माणसाने जपानीत केलेला फोन दुकानदाराला खूप धीर देतो. पण त्यांच्या शब्दावर आरक्षण झालं तर ते पाळायची जबाबदारी दुप्पट समजा.

स्वतः फोन करणार असाल तर दुपारी अडीच ते पाच ही वेळ. जेवणाच्या वेळी शेफच्या हातात भात असतो. बोलणं थोडक्यात असावं: ‘सुमिमासेन, क्योऽ नो योरु, फुतारी, योयाकु देकिमासु का?’ म्हणजे माफ करा, आज रात्री दोघांसाठी आरक्षण होईल का. उद्यासाठी ‘क्योऽ’च्या जागी ‘आशिता’, एकट्यासाठी ‘हितोरी’. पलीकडून ‘मान्सेकि’ ऐकू आलं की जागा भरली आहे. आभार मानून फोन ठेवा, आग्रह करू नका. ‘नान्जि’ विचारलं तर वेळ, ‘ओनामाए’ विचारलं तर नाव, ‘अरेरुगी’ ऐकलं तर ॲलर्जीबद्दल विचारणा आहे. वेळ, तारीख आणि माणसं त्यांनी परत म्हणून दाखवली की नीट ऐका आणि ‘हाय’ म्हणा.

दारावर जाऊन विचारायचं असेल तर दुकान उघडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, दारावरचा ‘नोरेन’ पडदा लागायच्या आत. जपानीत लिहिलेली एक ओळ फोनवर तयार ठेवा आणि दार थोडंच उघडून दाखवा. जेवण चालू असताना आत शिरू नका.

आपण काय खात नाही ते आधी सांगा

मराठी प्रवाशांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ आहे, आणि ती कोंबू या समुद्री वनस्पतीबरोबर बहुधा कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाची असते. सूप, शिजवलेली भाजी, तेंपुराबरोबरची पातळ चटणी, सोब्याचा रस्सा या सगळ्यांत ती असते. समोर नुसती भाजी दिसली म्हणून ते शाकाहारी होत नाही. तेंपुऱ्याच्या पिठात अंडं असतं आणि तेल कोळंबीलाही तेच.

उंची दुकानात एकाच कोर्सची आखणी असते, त्यामुळे पानावर बसल्यावर ‘मी मासे खात नाही’ म्हटलं तर शेफकडे द्यायला काहीच नसतं. सुशीच्या काउंटरवर शाकाहारी माणसाने ऐनवेळी जाऊच नये. कायसेकीत जमू शकतं, पण दोन-तीन दिवस आधी कळवून. मासे चालतात आणि गोमांस चालत नाही असं असेल तर तेही आरक्षणाच्या रकान्यातच लिहा. वाग्यू हे जपानी गोमांस अनेक कोर्समध्ये असतं. फोनवर ‘ग्यूनिकु वा दामे देसु’ एवढं पुरतं. पूर्ण शाकाहारींसाठी: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, दाशि मो दामे देसु’.

शाकाहारी वाचकांना मी मनापासून ‘शोजिन र्‍योरी’ सुचवेन. बौद्ध मठांतलं हे जेवण, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, आणि तीळ, तोफू, कंद, रानभाज्या यांवर असं काम केलेलं असतं की ते ताटातला दुय्यम पर्याय अजिबात वाटत नाही. क्योटोत अराशियामाच्या तेन्र्‍यूजी मंदिराच्या आवारात ‘शिगेत्सू’ आहे. फक्त दुपारी, आणि बागेचं तिकीट वेगळं. टोकियोत अतागो टेकडीच्या पायथ्याशी ‘दाइगो’ आहे, तिथे खासगी खोल्या आणि मिशेलिनची दाद मिळालेलं शोजिन जेवण. जैन पद्धतीने जेवणाऱ्यांनी कंदमुळांचं वेगळं सांगायला हवं, कारण गाजर, बटाटा, कमळकंद या जेवणात सर्रास असतात.

काउंटर नाहीच मिळालं तर

हॉटेलांतली जपानी रेस्टॉरंट घ्या. याला दुधाची तहान ताकावर असं समजू नका. टोकियोच्या ओकुरा हॉटेलातलं ‘यामाझातो’ घ्या, किंवा गिंझातल्या ‘क्यूबेइ’ या जुन्या सुशीच्या दुकानाची हॉटेल न्यू ओतानीमधली शाखा. समुद्री शेवाळाच्या पट्टीत भात बांधून वर माशाची अंडी ठेवायची ‘गुंकान’ सुशी याच क्यूबेइची मानली जाते. जागा जास्त, भाषेची अडचण कमी, खाण्याची बंधनं समजून घेण्याची सवय. क्योटो स्टेशनवरच्या इसेतान दुकानाच्या ११ व्या मजल्यावर ‘वाकुदेन’ आहे; कायसेकीची पहिली ओळख करून घ्यायला ते फार सोयीचं. क्योटोच्या हिगाशियामा भागातल्या ‘किकुनोइ’ या कायसेकीच्या घरात जागा नसेल तर शेजारचं त्यांचंच ‘मुगे सांबो’ दुपारच्या बेंतो म्हणजे डब्यात मांडलेल्या जेवणासाठी बघा.

आणि सुशीचा हट्ट सोडून प्रकार बदला. उनागी, सोबा, याकितोरी (काडीवर भाजलेली कोंबडी), तेंपुरा यांत एकाच पदार्थावर आयुष्य घातलेले लोक आहेत आणि तिथे ऐनवेळी शिरणं सोपं. शिन्जुकूचं ‘त्सुनाहाची’ १९२४ पासून तेंपुरा तळतंय. थोडी रांग लागते, पण काउंटरसमोर बसून कढईतला एकेक नग गरम गरम खाता येतो.

जागा मिळाल्यावर

पाच मिनिटं आधी पोचा. वीस मिनिटं आधी नको, कारण आत तयारी चालू असते. आणि उशीर तर मुळीच नको. छोटी दुकानं गल्लीतल्या इमारतीच्या तळघरात किंवा पाचव्या मजल्यावर असतात, पाटी हाताएवढी, त्यावर इंग्रजी नाही. दुपारीच एकदा जागा पाहून ठेवणं उत्तम. उशीर होतोय असं दिसलं की लगेच हॉटेलमार्फत कळवा.

त्या दिवशी अत्तर लावू नका. पुरुषांनी हाफपँट आणि चपला टाळाव्यात. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि फोन काउंटरवर ठेवू नका: ते हिनोकी या जपानी झाडाचं कोरं, पॉलिश न केलेलं लाकूड असतं, त्यावर ओरखडा उठला की कायमचा. निगिरी म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली सुशी समोर आली की बोलणं थांबवून लगेच खा; हाताने खाल्लेली चालते. फोटो आधी विचारून, फक्त आपल्या पानातला. पैशांत १० टक्के कर असतो आणि कायसेकी किंवा हॉटेलात बहुतेक तितकंच सेवाशुल्क. पेय वेगळं धरा. बक्षिशी देऊ नका. जुन्या दुकानांत रोखच चालते. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर येन मिळतात.

बेत बदलला तर मुदतीत रद्द करा, आणि मुदत उलटली असली तरीही कळवा. पैसे जातील, पण ती खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळेल. दोन ठिकाणी एकाच वेळेची जागा धरून ठेवण्याचा प्रकार मात्र कुणीही करू नये.

जेवण आवडलं तर बिल देताना शेफला तसं सांगा आणि ‘उद्या रात्री आणखी कुठे जाऊ?’ असं विचारा. कामाची घाई नसेल तर बरेचजण मित्राच्या दुकानाचं नाव कागदावर लिहून देतात, कधी स्वतः फोनही लावतात. पुढच्या वर्षी परत यायचं नक्की असेल तर आरक्षण कधी उघडतं तेही त्याच वेळी विचारून त्यांचं कार्ड घ्या.